कुळागरातल्या तीन निरोगी कॉफी झाडांचं बी धरून रोग-कीड न लागणारी जात होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात सत्तरीत पोफळीच्या कुळागरात (ओहळाकाठच्या बागेत) आठ वर्षांपूर्वी कोडगूहून आणलेली साठेक कॉफीची रोपं लावली. जात कोणती ते नीट माहीत नाही, बहुतेक सरमिसळ. दरवर्षी पाऊस ओसरला की पानांच्या खालच्या बाजूला केशरी भुकटी दिसते आणि पानं गळतात. गेल्या दोन वर्षांत काही झाडं उभीच्या उभी वाळली, खोड फोडलं तर आत भोकं. तीन झाडं मात्र ठणठणीत. त्यांचं बी धरलं तर रोग आणि कीड दोन्ही न लागणारी आपली जात तयार होईल का, आणि किती वर्षं लागतील?

सरळ उत्तर: केशरी भुकटीच्या, म्हणजे तांबेऱ्याच्या बाबतीत काहीतरी हाती लागू शकतं. खोडकिड्याच्या बाबतीत जवळजवळ नाही. आणि ती तीन झाडं खरोखर प्रतिकारक आहेत की नुसती वाचली आहेत, हे ठरल्याशिवाय बी धरण्यात अर्थ नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे, जात तयार करण्याचा नंतरचा. पैदाशीच्या कामात सर्वांत जास्त वर्षं वाया जातात ती वाचलेल्या झाडाला प्रतिकारक समजून.

आधी झाडं कुठल्या जातकुळीची ते बघा. पान लहान, निमुळतं, गडद हिरवं, चकचकीत आणि एका पेरावर दहा-वीस फळं असतील तर अरेबिका. पान हाताच्या पंजापेक्षा मोठं, कडेला लाटा, रंग फिका आणि पेरावर चाळीस-साठ फळांचा गच्च झुबका असेल तर रोबस्टा. अरेबिकाची फळं पिकली की लवकर गळतात, रोबस्टाची फांदीला धरून राहतात. कोडगूहून सरमिसळ रोपं आली असतील तर साठात दोन्ही असण्याची शक्यता मोठी आहे. तुमची तिन्ही झाडं रोबस्टा निघाली तर निम्मं कोडं तिथेच सुटलं, कारण पांढरा खोडकिडा हा अरेबिकाचा शत्रू. रोबस्टावर मादीने अंडी घातली तरी अळी सहसा पूर्ण वाढत नाही.

बी धरण्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. अरेबिकात ४४ गुणसूत्रं असतात आणि तिचं फूल मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे बियांतली रोपं बरीचशी आईसारखी निघतात. रोबस्टात २२ गुणसूत्रं असून तिचं फूल स्वतःचा पराग स्वीकारतच नाही. फळ धरलं म्हणजे पराग दुसऱ्या झाडाचा आहे. म्हणजे तुमच्या निरोगी रोबस्टाच्या प्रत्येक बीचा बाप शेजारचं कुठलं तरी झाड, कदाचित सर्वांत रोगटही. अशा बियांतून आलेली रोपं एकमेकांसारखी नसतात आणि आईसारखीही नसतात. दोघांचा आपसात संकर झालाच तर ३३ गुणसूत्रांचं, बहुधा वांझ झाड मिळतं.

आता वाचलं की प्रतिकार केला, हे कसं ओळखायचं.

तांबेऱ्याची बुरशी, हेमिलेया व्हास्टाट्रिक्स, पानात शिरते ती खालच्या बाजूच्या रंध्रांतून. बीजाणू रुजायला पानावर पाण्याचा थेंब काही तास टिकावा लागतो, अंधार आणि २१ ते २५ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. यातलं एक जरी बिनसलं तरी रोग येत नाही, झाड कितीही नाजूक असो. म्हणून मी निरोगी झाड दिसलं की पहिली चौकशी झाडाची करत नाही, जागेची करतो. वारा लागून पान लवकर सुकतं का? त्या वर्षी झाडावर फळ किती होतं? फळांनी लगडलेल्या झाडाला तांबेरा जास्त धरतो, कमी फळ असलेलं झाड उगाचच सशक्त दिसतं. दरवर्षी कमी पिकणारं झाड प्रतिकारक म्हणून निवडलं तर तुम्ही कमी उत्पन्नाचीच निवड करता.

गोव्यातल्या कुळागरात आणखी एक गोष्ट हमखास चकवते. कोळेरोगासाठी पोफळीवर पावसाच्या तोंडावर आणि मग उघडीप बघून एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) मारतात. फवारे वरून घडावर मारले तरी निम्मं औषध खाली ओघळतं. पोफळीच्या बुंध्याशी लागून असलेल्या कॉफीच्या पानांवर त्या मोरचुदाचा थर बसतो आणि तांबेऱ्यापासून फुकटात संरक्षण मिळतं. दोन ओळींच्या मधोमध असलेल्या झाडावर तितकं पडत नाही. तुमची तिन्ही झाडं पोफळीच्या अगदी पायाशी आहेत का, एवढं आधी बघा. पानाच्या वरच्या बाजूला निळसर-पांढरट डाग वाळलेले दिसतील. दिसले तर त्या झाडांबद्दल अजून काहीही सिद्ध झालेलं नाही.

सिद्ध करायचं असेल तर रोग मुद्दाम लावून बघावा लागतो. प्रयोगशाळेत पानाच्या चकत्या कापून ओल्या स्पंजवर ठेवून हे करतात. बागेत झाडावरच करणं सोपं आहे. दिवस ऑगस्ट ते ऑक्टोबर निवडा. शेंड्याकडून दुसऱ्या-तिसऱ्या जोडीतलं, पूर्ण उघडलेलं पण अजून कडक न झालेलं पान घ्या. कोवळं कोंब नको, जून पानही नको. रोगट पानांवरची ताजी केशरी भुकटी मऊ ब्रशने वाटीत झाडा आणि पावसाच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा. क्लोरिनचं नळाचं पाणी वापरलं तर बीजाणू मरतात. पाणी फिकट केशरी दिसेल इतकी भुकटी पुरे. सूर्य मावळताना पानाच्या खालच्या बाजूला ब्रशने लावा, आत ओला कापूस ठेवून प्लास्टिकची पिशवी चढवा, सकाळी ऊन तापायच्या आत काढा. पिशवी दुपारपर्यंत राहिली तर पान आत उकडतं आणि चाचणी फुकट जाते. एका झाडावर किमान पाच पानं, प्रत्येकाला रंगीत दोरा.

त्याच दिवशी, त्याच पाण्याने, दरवर्षी रोग येणाऱ्या झाडाच्या पाच पानांनाही लावा. हे विसरलात तर बाकी सगळं व्यर्थ. त्या रोगट झाडाच्या पानांवर तांबेरा आला तरच चाचणी धरायची. तिथेच आला नाही तर बीजाणू मेलेले होते किंवा रात्र कोरडी गेली, आणि तुमच्या निवडक झाडाची स्वच्छ पानं काहीच सांगत नाहीत. भुकटीही एकाच झाडाची नको, बागेतल्या चार-पाच निरनिराळ्या रोगट झाडांची मिसळून घ्या. कारण खाली येतंच.

तीन ते सहा आठवडे थांबा. आधी दोन-तीन मिलिमीटरचे फिके पिवळे ठिपके येतात. ठिपके तिथेच थांबले, भुकटी आलीच नाही, किंवा पान अगदी स्वच्छ राहिलं तर झाडात खरा प्रतिकार आहे. ठिपक्यांवर थोडी भुकटी आली आणि वाढली नाही तर मधला प्रकार, तोही टाकाऊ नाही. भरपूर केशरी भुकटी आली तर झाड नुसतं वाचलं होतं.

मिसळून घ्यायचं कारण असं. तांबेऱ्याची बुरशी एकसारखी नाही, तिचे अनेक वंश आहेत. पोर्तुगालमधल्या ओइराशला १९५५ मध्ये कॉफीच्या तांबेऱ्यासाठी खास संशोधन केंद्र निघालं. जगभरचे नमुने तिथे तपासून पन्नासवर वंश नोंदले गेले. झाडातले प्रतिकाराचे जनुक एसएच-१ ते एसएच-९ असे मोजतात. प्रत्येक जनुक बुरशीच्या ठराविक वंशांनाच अडवतो. बुरशी बदलली की तो जनुक निकामी. एका झाडावर वाढलेली भुकटी त्या झाडाचं कुलूप उघडणारी किल्ली असते, दुसऱ्या झाडाचं कुलूप तिला उघडेलच असं नाही. म्हणून एकाच झाडाच्या भुकटीने केलेली चाचणी खोटा दिलासा देते.

आपल्याकडचा इतिहास याच कहाणीचा आहे. १८६९ मध्ये सिलोनला तांबेरा सापडला आणि काही दशकांत तिथल्या मळेवाल्यांनी कॉफी सोडून चहा धरला. पाठोपाठ तो दक्षिण हिंदुस्थानात आला. १९११ च्या सुमारास म्हैसूर भागातल्या एका मळ्यात केंट नावाची निवड मिळाली, तिचा प्रतिकार काही वर्षं टिकला, मग बुरशीचा दुसरा वंश आला. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ मध्ये कॉफी संशोधन सुरू झालं आणि तिथे केंटचा संकर एस-२८८ या निवडीशी केला. एस-२८८ मध्ये लायबेरिका या वेगळ्या प्रजातीतून आलेला एसएच-३ जनुक होता. त्यातून १९४० च्या दशकात आलेली एस-७९५ आजही अरेबिकाच्या मळ्यांत भरपूर दिसते. तिचा प्रतिकारही आता पूर्वीचा राहिलेला नाही, पण चव आणि उत्पन्न यांमुळे लोक ती सोडत नाहीत आणि बोर्डो मारून चालवतात. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. जात म्हणजे नुसता प्रतिकार नव्हे, ती पिकली पाहिजे आणि विकली गेली पाहिजे.

दुसरा मोठा स्रोत तिमोर बेटावर सापडला, अरेबिका आणि रोबस्टा यांचा निसर्गात झालेला संकर. गंमत अशी की त्याला ४४ गुणसूत्रं मिळाली होती, त्यामुळे तो अरेबिकाशी सहज जुळतो आणि रोबस्टातले एसएच-६ ते ९ हे जनुक सोबत घेऊन येतो. त्याचा कातुरा या बुटक्या जातीशी संकर म्हणजे कातिमोर, आपल्याकडे कावेरी. विल्या सार्ची या बुटक्या जातीशी संकर म्हणजे सार्चिमोर, त्यातून निवडलेली चंद्रगिरी २००७ मध्ये आली. कावेरीचा प्रतिकार मळ्यात काही वर्षांनी ढिला पडला. होंडुरासमध्ये लेंपिरा या कातिमोर जातीचंही २०१७ च्या सुमारास तेच झालं, आणि ज्यांनी प्रतिकारक म्हणून फवारणी पूर्ण बंद केली होती ते सर्वांत जास्त सापडले. म्हणून पैदासकार आता एकाच झाडात दोन-तीन वेगवेगळे जनुक एकत्र आणायच्या मागे असतात. पण एक जनुक रोग अडवत असला की दुसरा आत आहे की नाही ते पान बघून कळत नाही. तिथे डीएनएच्या खुणा लागतात. एसएच-३ साठी अशा खुणा उपलब्ध आहेत. हे काम कुळागरात होण्यासारखं नाही.

किडीकडे वळू. तुमची खोडं पोखरणारा बहुधा पांढरा खोडकिडा, झायलोट्रेकस क्वाड्रिपस. त्याचे भुंगेरे एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर बाहेर पडतात. मादीला ऊन खाणारं, तापलेलं खोड आवडतं. सालीच्या भेगांत ती अंडी घालते, अळी आधी सालीखाली आणि मग लाकडात शिरून नऊ-दहा महिने बोगदे करते. खोडावर आडव्या-वळणदार उंचवट्यांच्या रेषा दिसतात, पानं पिवळी पडून लोंबतात. सात-आठ वर्षांचं झाड एक-दोन हंगामांत जातं. तुमची तीन झाडं दाट सावलीत असतील आणि मेलेली कडेला, उन्हाच्या तोंडाशी असतील, तर हा सावलीचा गुण आहे, झाडाचा नाही. वाळलेल्या प्रत्येक झाडाची जागा कागदावर मांडून बघा. नकाशात बहुतेक वेळा उत्तर दिसतं.

या किड्याला खात्रीने अडवणारी अरेबिका आजपर्यंत कुठेही मळ्यात नाही. कारणं समजून घेतली तर तुमची धडपड वाचेल. किडीला प्रतिकार तीन तऱ्हांनी होतो. मादीला झाड नको वाटतं, किंवा झाडावर अळी मरते वा खुरटते, किंवा झाड मार खाऊनही पिकतं. तांबेऱ्याची चाचणी पाच पानांवर सहा आठवड्यांत होते. खोडकिड्याची करायची तर रोप तीन-चार वर्षांचं, खोड जाड व्हायला हवं, मग भुंगेरे जाळीत कोंडायचे, वर्षभर थांबायचं आणि शेवटी झाड फोडून मोजायचं. फोडलेल्या झाडाचं बी मिळत नाही. शिवाय हा प्रतिकार एका जनुकाचा नसतो, अनेक लहान-लहान जनुकांचा असतो, त्यामुळे संततीत असं-नसं असा स्वच्छ फरक दिसत नाही. रोबस्टातला गुण अरेबिकात आणायचा तर गुणसूत्रांच्या संख्येची भिंत आणि त्यापुढे चव परत मिळवायला अनेक पिढ्यांचे उलट संकर, म्हणजे पुन्हा पुन्हा अरेबिकाशीच केलेले संकर. ब्राझीलमध्ये पान पोखरणाऱ्या अळीसाठी रासेमोसा या रानटी प्रजातीचा गुण अरेबिकात आणायला असाच दशकांचा काळ गेला. फळ पोखरणारा भुंगेरा आपल्याकडे १९९० मध्ये निलगिरीच्या गुडलूर भागात पहिल्यांदा सापडला, त्यालाही अडवणारी जात मळ्यात नाही. तिथे वेळेवर आणि निःशेष तोडणी, जमिनीवरची फळं वेचणं, सापळे आणि भुंगेऱ्याला मारणारी ब्युव्हेरिया बुरशी यांवरच काम चालतं.

बुटक्या, दाट जातींत फांद्या खाली झुकून खोड झाकतात, त्यामुळे मादीला थोडी अडचण होते. चंद्रगिरीबद्दल हे ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्य असावं, पण तो आडोसा आहे. छाटणी चुकली की आडोसा गेला. कुणीतरी रोबस्टाच्या खुंटावर अरेबिकाचं कलम करायचाही सल्ला देईल. सूत्रकृमींसाठी तो उपाय चांगला आहे, मध्य अमेरिकेत रूढ आहे. खोडकिड्याला त्याचा उपयोग नाही, कारण जोडाच्या वरचं खोड अरेबिकाचंच राहतं.

म्हणजे आतापर्यंतचं धरून चाललो तर: तांबेऱ्यासाठी निवड करता येते, खोडकिड्यासाठी सावली, साफसफाई आणि जातकुळीची अदलाबदल. पुढे काय करायचं ते तीन झाडं कोणती निघतात त्यावर आहे.

झाडं अरेबिका निघाली आणि चाचणीतही टिकली, तर त्यांचं शुद्ध बी धरा. कळ्या मेणबत्तीसारख्या पांढऱ्या झाल्या, उद्या-परवा फुलणार असं दिसलं की पाच-सहा फांद्या निवडा, आधीच उघडलेली फुलं खुडून टाका आणि फांदीवर मलमलीची पिशवी बांधा. आठवड्याने फुलं सुकली की पिशवी काढा, दोरा बांधून खूण ठेवा. फळ जूनपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढंच राहतं. धरलं नाही समजून फांदी छाटू नका. अरेबिकाचं फळ आठ-नऊ महिन्यांत पिकतं. पूर्ण लाल फळ हाताने सोलून, पाण्यात तरंगणारं बी टाकून, उरलेलं राखेत घोळवून सावलीत चार-पाच दिवस सुकवा. ऊन दाखवू नका आणि साठवून ठेवू नका, कॉफीचं बी काही महिन्यांत रुजायची ताकद गमावतं. डिसेंबर-जानेवारीत वाफ्यात सपाट बाजू खाली करून पेरा, वर पेंढा. दीड महिन्याने बी टोपी घालून वर येतं, त्याच अवस्थेत पिशवीत हलवायचं. पिशवीसाठी सहा भाग रानमाती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. मुळी वाकडी झालेलं रोप तिथेच काढून टाका, ते पुढे कधीच धड होत नाही.

एका झाडाची किमान तीस रोपं ठेवा आणि पहिल्याच पावसाळ्यात सगळ्यांवर वरची चाचणी करा. आकडा उगाच नाही. प्रतिकार एका प्रबळ जनुकाचा असेल आणि आईत त्याची एकच प्रत असेल तर चारात सरासरी एक रोप रोगट निघतं. दहा-बाराच रोपं ठेवली तर एकही रोगट न दिसता तुम्ही फसण्याची शक्यता सुमारे तीन ते सहा टक्के राहते, सोळा ठेवली तर एक टक्का, तिसांत ती नगण्य होते. तीसही स्वच्छ राहिली तर आई शुद्ध आहे, तिचं बी बिनधास्त वापरा. सातेक रोगट निघाली तर ती काढून टाका, उरलेल्यांचं पुन्हा पिशवीतलं बी धरा, पुढची पिढी तपासा. निम्म्याहून जास्त रोगट निघाली तर हिशेब वेगळा आहे, ते झाड सोडून द्या.

दोन झाडांचा संकर करायचा मोह झाला तर रीत अशी. फुलण्याच्या आदल्या दुपारी पांढऱ्या कळीची नळी नखाने किंवा चिमट्याने चिरून ओढून काढायची. कॉफीत पाचही पुंकेसर पाकळीच्या नळीलाच चिकटलेले असतात, त्यामुळे पाकळ्यांबरोबर ते निघून येतात आणि मधला स्त्रीकेसर उभा राहतो. तो मोडला तर ती कळी सोडून द्या. पिशवी बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या आत दुसऱ्या झाडाचं ताजं उघडलेलं फूल त्यावर घासा, परत पिशवी. कॉफी एकाच वेळी सगळी फुलते, म्हणजे तुमच्या हातात दोन सकाळी असतात. पण गोव्यात याचाच फायदा घेता येतो. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉफीला लागणारा फुलोऱ्याचा पाऊस भरवशाचा नाही, तुषार सिंचनाने तो द्यावाच लागतो. पंचवीस ते चाळीस मिलिमीटर पाणी एकदम दिलं की साधारण आठ-दहा दिवसांनी फूल उघडतं. निवडक झाडांनाच आधी पाणी दिलं तर ती बाकी बाग झोपेत असताना फुलतात आणि परका पराग जवळपास नसतो. फुलोऱ्याचा दिवस तुम्ही ठरवू शकता, ही सोय नुसत्या पावसावर अवलंबून असलेल्या मळेवाल्याला नसते.

झाडं रोबस्टा निघाली तर बियांच्या मागे लागूच नका, फांदीने वाढवा. उभा वाढणारा फुटवा घ्या, तीन ते सहा महिन्यांचा. एका पेराचा तुकडा, पानं अर्धी कापलेली, टोकाला मुळं फुटण्याची पावडर, मग सावलीतल्या दमट वाफ्यात तीन-चार महिने. आडवी फांदी लावली तर रोप आयुष्यभर जमिनीलगत पसरतं, ही चूक फार होते. कापायला तयार जुनी खोडं असतील तर खुंट कापून नव्या फुटव्यावर पाचर कलम करा, दोन वर्षं वाचतात. मात्र एकाच झाडाची सगळी बाग करू नका. रोबस्टा स्वतःचा पराग घेत नाही हे लक्षात असू द्या, एकाच झाडाची शंभर कलमं म्हणजे फुलांनी भरलेली पण फळ न धरणारी बाग. कमीत कमी तीन-चार वेगळी झाडं, ओळीआड ओळ.

वर्षांचा हिशेब सांगतो. रोबस्टाची कलमं चार-पाच वर्षांत बोलायला लागतात. अरेबिकात तांबेऱ्यापुरती शुद्ध ओळ बी धरल्यापासून सहा ते दहा वर्षांत हाती येऊ शकते, कारण एक पिढीच चार वर्षांची. संकरापासून सुरुवात करून पाच पिढ्या स्थिर करायच्या आणि प्रत्येकीची निदान चार पिकं मोजायची तर वीस-पंचवीस वर्षं. बाहेरच्या देशांत पहिल्या पिढीचे संकर ऊतिसंवर्धनाने वाढवून ही वाट छोटी करतात, पण त्यांचं बी धरलं की गुण विखुरतात.

आणि हेही स्पष्ट सांगायला हवं: अरेबिकाला हजार मीटरच्या आसपासची आणि वरची गार हवा मानवते. सत्तरीत सोसोगडासारखे माथे तेवढे उंच आहेत, कुळागरं तिथे नसतात, ती खाली ओहळाकाठी असतात. खालच्या उकाड्यात अरेबिका सतत ताणात राहते आणि कुठलाही प्रतिकार तिला पूर्ण सावरत नाही. मी तुमच्या जागी पुढची लागवड रोबस्टाचीच करेन, एस-२७४ किंवा काँजेन्सिस या दुसऱ्या प्रजातीच्या संकरातली सीएक्सआर, रोपं कॉफी बोर्डाच्या बियांची. दुसरी बुटकी, आटोपशीर वाढते, पोफळीच्या चार झाडांमधल्या जागेत बसते. रोबस्टाची दुखणी वेगळी. बारीक फांद्यांना टाचणीएवढी भोकं पाडणारा छिद्रकिडा पाऊस ओसरल्यावर वाढतो, भोकाच्या मागे दोन-तीन इंच सोडून फांदी कापून जाळायची. जुलै-ऑगस्टच्या झडीत काळा कूज रोग येतो, पानं काळी पडून बुरशीच्या धाग्यांना लोंबत राहतात. दोन्हींना आळा घालायला विरळ सावली आणि वारा हवा, तर अरेबिकाला खोडकिड्यापासून वाचवायला दाट सावली हवी. एकाच तुकड्यात दोघींना खूश ठेवता येत नाही, म्हणून सरमिसळ बागेतली उरलेली अरेबिका एका सावलीच्या कोपऱ्यात ठेवून बाकी जागा रोबस्टाला द्यावी.

निवडक झाडांची चाचणी संपेपर्यंत त्या ओळीवर बोर्डो पडू देऊ नका, वरच्या पोफळीला मारताना खाली ताडपत्री धरा. बाकी अरेबिकाला अर्धा टक्का पुरतं, दोनशे लिटर पाण्याला मोरचूद एक किलो आणि चुना एक किलो, फुलोऱ्याआधी, पावसाआधी आणि पावसानंतर, पानाच्या खालच्या बाजूने.

ऑक्टोबर लागला की भुंगेरे बाहेर पडायची वेळ. बी, पिशव्या, कलमं सगळं नंतर. आधी प्रत्येक अरेबिका खोडाची सैल साल काथ्याने घासून काढा, उंचवटे दिसतील ती झाडं मुळासकट उपटा, निरोगी खोडांना दहा टक्के चुन्याचा हात द्या. उपटलेली खोडं सरपण म्हणून परसात रचून ठेवू नका, आतला किडा पुरा वाढून तिथूनच बाहेर पडतो. त्याच आठवड्यात जाळा, नाहीतर दहा दिवस पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा.